पाठीमागचे हात

आमच्या शाळेत पोरांचं लक्ष घंटेपेक्षा बिराजदार सरांच्या हातांकडे जास्त असायचं. पोरं काहीतरी करवतत, चिकटवत, मोजत असायची आणि सर त्यांच्यामधून फिरत असायचे. मधेच कुठंतरी सर थांबायचे आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. उजव्या हातानं डावं मनगट धरलं की वर्गभर कुजबुज पसरायची, सरांचे हात मागं गेले. याचा अर्थ कुठंतरी चूक झाली आहे, ती सरांना दिसली आहे, आणि सर ती सांगणार नाहीत. मग जो तो आपापलं काम उलटंपालटं करून बघू लागायचा. सर फक्त एवढंच म्हणायचे, "नोडू." घरी ते कन्नड बोलत. नोडू म्हणजे बघ. आमच्या शाळेतल्या तेलुगू, मराठी, दखनी बोलणाऱ्या सगळ्या पोरांना कन्नडमधला तेवढा एक शब्द पक्का येत होता.

शाळा होटगी रस्त्याला, सोलापूरची वस्ती विरळ होते तिथं. सरकारी शाळा, आठवी ते दहावी, एकेका इयत्तेची एकच तुकडी. तीन वर्ग, हेडमास्तरांची खोली आणि मागं पत्र्याची एक शेड. पोरं मागावर कापड विणणाऱ्यांची, विडी वळणाऱ्या बायांची, आणि काही होटगीहून येणारी रेल्वेतल्या माणसांची. सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी तिथं मराठी शिकवायला लागले. बिराजदार सर माझ्या आधीपासून होते. कागदोपत्री ते विज्ञानाचे शिक्षक. प्रत्यक्षात सगळी शाळाच त्यांनी आपल्या पद्धतीला जुंपली होती. प्रत्येक इयत्तेनं वर्षभरात एक वस्तू स्वतःच्या हातानं करायची आणि गणित, विज्ञान, भूगोल जे काय असेल ते त्या वस्तूच्या निमित्तानं शिकायचं. ती वस्तू चालली पाहिजे, नुसती मांडून ठेवायची नाही, ही अट.

सर अंगानं किडकिडीत, शर्टाच्या बाहीवर सरसाचा डाग, कानावर पेन्सिल. खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. डबासुद्धा शेडमध्ये उभ्यानं खायचे, भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि खाता खाता डोळे पोरांच्या कामावर. कोणी त्यांना विचारलं की सर, हे बरोबर आहे का, तर म्हणायचे, "मला काय विचारायलास? त्यालाच विचार की." त्यालाच म्हणजे त्या वस्तूला. तेवढं सांगून पुढं जायचे.

शेडची दक्षिणेकडची भिंत चुकांची होती. बिघडलेली वस्तू टाकून द्यायची नाही, खिळ्याला अडकवायची, आणि खाली ज्याची चूक त्याचं नाव. दर वर्षी जूनमध्ये नवी पोरं आली की जुन्या पोरांनी आपापल्या चुकीखाली उभं राहून, काय चुकलं आणि ते कसं सापडलं, हे त्यांना सांगायचं. पहिल्यांदा पोरं लाजायची. नंतर नंतर भिंतीवर आपलं काहीच नाही याचंच काहींना वाईट वाटायला लागलं.

तराजूची गोष्ट त्या भिंतीवरची सगळ्यात गाजलेली. आठवीनं तराजू केला आणि त्यावर शेंगाची चटणी तोलून शिक्षकांच्या घरी द्यायला सुरुवात केली. चटणी पोरांच्या आयांनीच कुटलेली. हेडमास्तरांच्या मंडळी शाळेवर फार खूश झाल्या, कारण पावशेर म्हणून आलेली चटणी संपता संपत नव्हती. सरांचे हात मात्र तराजू टांगल्या दिवसापासून मागे. पोरांनी वजनं तपासली, दोऱ्या तपासल्या, पारडी घासली. काही सापडेना. शेवटी अंबू नावाच्या एका बारक्या मुलीनं, वडील मागावर काम करायचे तिचे, वजन ठेवायचं ते पारडं आणि चटणीचं पारडं यांची अदलाबदल केली. तीच चटणी एकदम जड झाली. दांडीचं भोक मध्यावर नव्हतं. अंबू नुसती सरांकडे बघून हसली, आणि सरांचे हात पुढं आले. ती दांडी भिंतीवर गेली, 'इयत्ता आठवी' अशा नावानं. हेडमास्तरांच्या घरी चटणी पुन्हा वेळेवर संपू लागली.

माणूस तसा त्रासदायक होता, हेही सांगितलं पाहिजे. एकदा आमच्या घरी चहाला आले. बोलता बोलता हात मागे. आमचे हे शाळेतले नव्हते, पण माझ्याकडून ऐकून त्यांना ती खूण माहीत होती. ते बिचारे भिंतीवरचं घड्याळ बघून आले, दाराची कडी बघून आले. सासूबाई आत चहा टाकत होत्या. त्यांना एकदम जळका वास आला. स्टोव्हच्या ज्योतीला खिडकीचा पडदा लागत होता. त्यांनी पडदा ओढून काढला आणि बाहेर येऊन सरांना म्हणाल्या, "अहो, तोंडानं सांगायला काय होतं?"

"सांगितलेलं इसरतंय काकू," सर म्हणाले. "आता तुमी पुन्हा कधी पडदा तितं लावणार न्हाई."

सासूबाईंनी खरोखरच पुन्हा तिथं पडदा लावला नाही. पण सरांना चहाही दिला नाही. आम्ही हे पुढं किती तरी दिवस हसत हसत सांगत असू.

माझी स्वतःची चूकही त्या भिंतीवर होती. शाळेत पाण्याचा नळ नव्हता. सर म्हणाले, बाई, तुम्ही पोरांना अर्ज लिहायला शिकवता, मग खराच लिहू द्या की. नववीच्या पोरांकडून मी सुंदर अर्ज लिहून घेतला. शुद्धलेखन तपासलं, मायना तपासला, 'आपली विनम्र' इथपर्यंत सगळं जागच्या जागी. सरांनी वाचला आणि हात मागे घेतले. मी चार वेळा वाचला. ऱ्हस्वदीर्घ शोधत बसले, दुसरं मला काय सुचणार! अर्ज गेला, आणि नवल म्हणजे नळही आला. तो कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यावर बसवून कामगार निघून गेले. नळ कुठं हवा हे आम्ही अर्जात लिहिलंच नव्हतं.

हेडमास्तर भला माणूस. त्यांना माझी दया आली. आपल्या खोलीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, यात बाईंची काय चूक, ऑफिसातल्या लोकांना अक्कल नको का? मला बरं वाटलं. बिराजदार सर मात्र शांतपणे म्हणाले, "बाईंची चूक बाईंकडून काढून घेऊ नका, सर. त्यांची हाय ती."

मला राग आला. अर्जाची नक्कल भिंतीवर लागली, खाली माझं नाव. जूनमध्ये मी नव्या आठवीपुढं उभी राहिले आणि नळाची गोष्ट सांगितली. पोरं खदाखदा हसली. सांगून झाल्यावर एकदम हलकं वाटलं, आणि ते का वाटलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानंतर मी वर्गात कधीही 'मला माहीत आहे' असं तोऱ्यात म्हटलेलं नाही.

पुढच्या वर्षी नववीनं हातमाग करायला घेतला. अंबू आता नववीत होती. जुनी बाकं मोडून लाकूड काढलं. दिवाळीच्या आधी सांगाडा उभा राहिला, थंडीत ताणा, म्हणजे उभे धागे, चढला. सर इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. अंबूच्या वडिलांना मुद्दाम बोलावून त्यांनी तो दाखवला. वडिलांनी दोरी ओढून दोनचार वेळा धोटा पळवला आणि मान हलवली. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. शिसवीचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेला. तो ज्या फळीवरून पळतो ती फळी पोरांनी दोन तुकडे जोडून केली होती. लांब लाकूड मिळालं नव्हतं. पुढं अवकाळी पाऊस पडून हवा दमट झाली तशी सांध्यापाशी ती फळी केसभर वर आली.

मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते, त्यामुळे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. पोरांनी सांगितलं ते असं. कापड विणणं चालू होतं. सिद्राम नावाचा होटगीचा मुलगा मागावर बसून दोरी ओढत होता. सरांचे हात मागे गेले. वर्गात कुजबुज झाली. सिद्रामची मान खाली, लक्ष कापडात, त्याला काही कळलं नाही. बाकीची पोरं मागाभोवती चूक शोधू लागली. अंबू फळीच्या टोकाशी गेली. फळी सरळ आहे की नाही हे बघायची एक रीत सरांनीच सगळ्यांना शिकवली होती. खाली वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसरा डोळा फळीच्या कडेच्या रेषेत लावायचा. अंबूनं तसंच केलं. सरांनी तिला पाहिलं आणि ओरडले. तोवर सिद्रामनं दोरी ओढली होती. धोटा सांध्यावर उडाला आणि सरळ रेषेत गेला.

मी पळत गेले तेव्हा सरांनी तिला उचललं होतं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. ती रडत नव्हती. नवलाची गोष्ट, मला त्या क्षणाचं दुःख आठवत नाही, भीतीही आठवत नाही. मागाखाली पडलेला एक खडू आठवतो. तो मी उचलून टेबलावर ठेवला.

डोळा गेला. दवाखान्यातल्या ओसरीवर सर दिवसचे दिवस बसून असत. अंबूचे वडील त्यांना एक शब्द वावगा बोलले नाहीत. मोडक्या मराठीत एवढंच म्हणाले, "धोटा आमच्या घरात पण उडतोय, सर. तुमी कशाला बसून ऱ्हायलाव? घरला जावा." सर उठले नाहीत. मी डबा घेऊन जायची तो तसाच परत आणायची. तिथून मी शाळेत यायची, तास घ्यायची, मुलांना धडे समजावायची. मला कोणी विचारलं असतं की बाई, तुम्हाला काय वाटतंय, तर मी काहीच नाही असं म्हटलं असतं, आणि ते खरं होतं. हातापायाला मुंग्या आल्यावर जसं होतं, तसं सगळ्या शाळेला झालं होतं.

मग चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. मी तिथंच होते. ते अगदी काकुळतीला येऊन सांगत होते, की लाकूड फुगलं, अपघात झाला, माझ्या लक्षात आलं नाही, एवढं म्हणा. नोकरी राहील, शेड राहील, पोरांचं काम चालू राहील. मीही म्हणाले, सर, ऐका. सर खिडकीबाहेर बघत होते. हात खाली लोंबकळत होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला, फळी वर आलेली तुमच्या लक्षात आली नव्हती, बरोबर? उत्तर त्यांनी जवळजवळ स्वतःच देऊन टाकलं होतं.

"दिसलं होतं," सर म्हणाले. "सकाळी फळीवरनं बोट फिरवलं, तवाच दिसलं होतं."

साहेबांचं पेन थांबलं. "मग सांगितलं का नाही?"

"पोरं शोधतील म्हणून."

हेडमास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पुन्हा एकदा विचारून पाहिलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात, जसा पाढा म्हणावा.

बदलीचा हुकूम आला, सांगोल्याचा. शेडला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी सरांनी नववीला शेवटचं तिथं बोलावलं. भिंतीवर नवा खिळा ठोकला होता, त्याला तो धोटा टांगला होता, आणि खाली स्वतःचं नाव. ते त्याच्याखाली उभे राहिले. जून नव्हता, नवी पोरंही नव्हती, पण रीत तीच. काय चुकलं ते त्यांनी सांगितलं. चूक दिसली, हात मागं घेतले. खूण बघणाऱ्याला कळते, मान खाली घालून काम करणाऱ्याला कळत नाही, हे ध्यानात आलं नाही. बघायला शिकवलं, पण बघताना काम थांबवायचं हे शिकवलं नाही. एवढंच बोलले. आवाज कुठं कापला नाही. पोरंही रडली नाहीत. सिद्राम मागं उभा होता. त्या दिवसापासून तो कोणाशी बोलत नव्हता. त्यानं विचारलं, "सर, मग आता आमी बघायचं का न्हाई?"

त्या भिंतीखाली विचारलेला कुठलाच प्रश्न सरांनी आजवर टाळला नव्हता. आता ते सिद्रामजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर निघून गेले. नंतर हेडमास्तरांनी भिंत रिकामी करून घेतली. तराजूची दांडी, माझा अर्ज, धोटा, सगळं पोत्यात भरून कुठं गेलं कोणास ठाऊक. शेडमध्ये पुन्हा बाकं आली. निकाल पूर्वीपेक्षा किंचित चांगला लागू लागला. कोणाला त्याचा आनंद झालेला मी पाहिला नाही.

अंबू परत शाळेत आली. एकदा शाळेच्या फळ्यावर सुविचारासाठी ओळी आखायच्या होत्या. मी तिला सांगितलं, कारण तिची रेघ सरळ यायची. पट्टी लावून ती जरा मागं सरकली, नजर लावली आणि म्हणाली, "मला आता डोळा मिटायला लागत न्हाई, बाई." ती हसली. मला हसता आलं नाही आणि रडताही आलं नाही. रेघ सरळ आली होती.

दोनेक वर्षांनी नात्यातल्या बारशाला मी सांगोल्याला गेले. शनिवार होता, सकाळची शाळा. म्हटलं सरांना भेटून जावं. रस्त्याच्या कडेला टँकरसाठी घागरींची रांग लागलेली, तिच्या कडेकडेनं शाळेत पोचले. सरांचा वर्ग खिडकीतून दिसत होता. सर खुर्चीवर बसले होते. पुस्तकातून वाचून दाखवत होते आणि पोरं लिहून घेत होती. मधे उठले, फळ्यावर आकृती काढली. एका हातात खडू, दुसऱ्या हातात डस्टर. एका पोरानं वहीत रेघ चुकीची मारली तर लगेच जाऊन म्हणाले, इथं चुकलं, पूस, अशी काढ. पोरानं पुसली आणि तशी काढली. वर्ग अगदी शांत होता. कोणीही बाहेरचा माणूस म्हणाला असता, उत्तम शिक्षक.

मग सर मला घरी घेऊन गेले. वहिनींनी पोहे केले. पूर्वी सर शाळेतून आले की वहिनी रॉकेल आणि साबण घेऊन मोरीपाशी उभ्या असत, सरस आणि रंग काढायला. मी त्याची आठवण काढली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता हातच धुवावं लागत न्हाईत त्यांला." सर खाली बघून पोहे खात होते. कानावर पेन्सिल नव्हती. मी अंबूची खुशाली सांगितली, दहावी पास झाली, पुढं शिकतेय. रेघेचं मात्र सांगितलं नाही. सरांनी विचारलं, सिद्राम? तो रेल्वेत उमेदवारीला लागला, मी म्हणाले. बोलतो का? बोलतो, मी म्हणाले. सरांनी मान हलवली. त्यानंतर आम्ही पाण्याविषयी बोललो, सांगोल्याच्या उन्हाविषयी बोललो.

एसटी स्टँडवर सोडायला आले. मला खिडकीजवळ जागा मिळाली, सर खाली उभे राहिले. इतका वेळ गेला आणि जे बोलायला आले ते बोललेच नाही असं मला वाटत होतं. त्यांची दया येत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं. मी खिडकीतून वाकून म्हणाले, "सर, ती चूक तुमची नव्हती हो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी मागं सरकली, वळली. मी मागं वळून पाहिलं. सर लिंबाखाली उभे होते. हातात खडू नव्हता, डस्टर नव्हता. त्यांचे दोन्ही हात हळूहळू पाठीमागे गेले. उजव्या हातानं डावं मनगट धरलं.

सवयीनं मी शोधू लागले. पिशवी पायाशी होती. तिकीट हातात होतं. पाटी सोलापूरचीच होती, दार नीट लागलं होतं. स्टँड मागं पडलं, लिंब दिसेनासा झाला. गाडी मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागली. मी मघाशी त्यांना जे वाक्य म्हणाले होते ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, आणि चूक सापडली.